आजोबांची हेरल्ड: काय बदललं, काय तसंच ठेवलं

(या भागाचं शब्दांकन. ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी.)

आज माझा आवाज जरा वेगळा येत असेल, कारण मी नेहमीच्या खोलीत नाहीये. रत्नागिरीला घरामागच्या पडवीत बसलोय. पाऊस नुकताच थांबलाय, पागोळ्या अजून चालू आहेत, आणि शेजारी उभी आहे १९६६ सालची स्टँडर्ड हेरल्ड. माझ्या आजोबांची.

फोटो टाकल्यापासून तुमचे दोनच प्रश्न येताहेत. एक, "दादा, ही कुठली गाडी?" आणि दोन, "इंजिन कुठलं टाकलंस?" दुसऱ्याचं उत्तर एका वाक्यात देतो. इंजिन तेच आहे, ९४८ सीसीचं. ते का ठेवलं आणि बाकी काय बदललं, हाच आजचा विषय. आणि शेवटी बाबांची एक गोष्ट आहे, ती मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. त्यांना विचारूनच सांगतोय.

आधी गाडीची ओळख. ट्रायम्फ हेरल्ड ही इंग्लंडची गाडी, १९५९ साली आली. डिझाइन इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तींचं. मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ही कंपनी १९६१ पासून ती इथे बनवायला लागली आणि आपल्याकडे नाव पडलं स्टँडर्ड हेरल्ड. त्या काळात भारतात ॲम्बॅसेडर, फियाट आणि ही, अशा मोजक्याच गाड्या मिळायच्या. पुढे आपल्याकडच्या हेरल्डला चार दारं आली, जी इंग्लंडमध्ये तिला कधीच नव्हती. आमची मात्र दोन दारांचीच.

आता गंमत ऐका. हेरल्डची चासी वेगळी आणि बॉडी वेगळी. बॉडीसुद्धा तुकड्यातुकड्यांनी बोल्टने जोडलेली. याचं कारण असं की ट्रायम्फला अख्खी बॉडी बनवून देणारा कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीने विकत घेतला होता. मग त्यांनी भाग निरनिराळ्या ठिकाणी बनवून घेतले आणि चासीवर जोडले. पुढे हीच चासी आखूड करून, मिकेलोत्तींच्याच हातची नवी बॉडी तिच्यावर चढवून ट्रायम्फने १९६२ साली एक दोन सीटांची उघडी स्पोर्ट्‌स कार काढली. तिचं नाव स्पिटफायर. ती १९८० पर्यंत बनत होती. म्हणजे माझे आजोबा ज्या गाडीतून पाली, निवळी, हातखंब्याला पेशंट बघायला जायचे, ती एका ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारची सख्खी बहीण! बॉनेटसुद्धा तसंच, मडगार्डांसकट अख्खं पुढे उलटतं. टायरवर बसून इंजिनचं काम करता येतं. लहानपणी आम्ही भावंडं तिथेच बसून कैऱ्या खायचो.

आजोबा १९९४ साली गेले आणि गाडी मांगरात गेली. कोकणात गाडी नुसती उभी ठेवणं म्हणजे काय, हे इथल्यांना सांगायला नको. समुद्राची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, वरून लाल माती. २०२१ मध्ये मी ताडपत्री काढली तेव्हा वरून गाडी बरी दिसत होती. जॅक लावून खाली गेलो आणि पेचकस चासीत बोटभर आत गेला. चासीच्या पोकळ पट्ट्यांमध्ये पाणी साचून त्या आतून खाल्ल्या होत्या.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर इथे लक्ष द्या. रंग आणि सीट कव्हर सगळ्यात शेवटी. आधी पेचकस आणि टॉर्च घेऊन खाली झोपा. आमच्याकडे काम करायला एक जुने मिस्त्री होते, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी तरुणपणी याच गाड्या खोलल्या होत्या. बॉडी उतरवायच्या आधी त्यांनी दारांच्या फटी मोजून भिंतीवर खडूने लिहून ठेवल्या आणि दाराच्या जागी आडवी पट्टी वेल्ड केली. मी म्हटलं, "चाचा, हे कशाला?" तर म्हणाले, "बेटा, गंजलेली बॉडी उचलली की वाकते. मग दार जन्मात लागणार नाही." हे शहाणपण मला कुठल्या व्हिडिओत सापडलं नव्हतं.

दुसरी मदत झाली आजोबांच्या वहीची. डॉक्टर माणूस, सगळं लिहायची सवय. ऑइल कधी बदललं, पेट्रोल किती भरलं, कुठला पाटा कधी तुटला, सगळं त्या लाल वहीत होतं. गाडीचा मूळ रंगसुद्धा मला त्याच वहीतून कळला.

मग आला मोठा प्रश्न. मित्र म्हणाले, "अरे, ओम्नीचं इंजिन-गिअरबॉक्स टाक. स्वस्तात काम होईल, पार्ट कुठेही मिळतील." खोटं कशाला सांगू, मोह झाला होता. पण दोन गोष्टी आडव्या आल्या.

पहिली म्हणजे कायदा. गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरफार करता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. शिवाय २०२१ पासून विंटेज गाड्यांचे वेगळे नियम आले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. नव्याने नोंदणी केली तर २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. मी तूर्त जुनीच नोंदणी नूतनीकरण करून घेतली, पण विंटेजचा रस्ता मला बंद करायचा नव्हता. इंजिन बदललं की तो बंद. तुम्ही काहीही बदलणार असाल तर पाना हातात घेण्याआधी आरटीओत जाऊन विचारा. मी तसंच केलं.

दुसरं कारण साधं आहे. ती इंजिन चालू झाल्यावर जो आवाज करते, तो ऐकून आजी बाहेर आली होती. ओम्नीच्या आवाजाला आली नसती.

म्हणून मी एक नियम केला. जिवाशी संबंध आहे ते बदलायचं, आणि असं बदलायचं की उद्या कुणाला मूळचं परत बसवता येईल. कापाकापी नाही.

त्या नियमाने काय काय झालं? पुढच्या ड्रम ब्रेकच्या जागी स्पिटफायरचे डिस्क ब्रेक आले. बहीणच असल्यामुळे ते बसतात, आणि इंग्लंडमध्ये या गाड्यांचे सुटे भाग आजही नव्याने बनतात. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा बदलला, कारण आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने खराब होतं. पाइप गळला आणि खाली गरम सायलेन्सर असला तर पुढचं सांगायला नको. व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवल्या, कारण ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलवर वाढलेली आणि ते आपल्याकडे २००० साली बंद झालं. हेडलाइटला रिले लावले, डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला, सीट बेल्ट बसवले. काढलेला प्रत्येक भाग ऑइल लावून, चिठ्ठी बांधून पेटाऱ्यात ठेवलाय.

आणि मग मागचं सस्पेन्शन. इथे जरा थांबतो.

हेरल्डच्या मागे स्विंग ॲक्सल असतो. समजून घ्यायचं तर दोन्ही हात बाजूला पसरा, मनगटातून तळवे उभे करा, बोटं वर. खांदे म्हणजे मधलं डिफरन्शियल, हात म्हणजे ॲक्सल, तळवे म्हणजे चाकं. सांधा फक्त खांद्यात आहे, मनगटात नाही. आता हात उतरते करा, जणू शरीर वर उचललं गेलंय. तळवे तिरके झाले ना? वळणात वेगात असताना तुम्ही अचानक ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला किंवा ब्रेक मारला, की गाडीचं नाक खाली जातं, मागचा भाग उचलला जातो आणि बाहेरचं चाक असंच खाली दुमडायला बघतं. टायरची पकड कमी होते आणि शेपूट बाहेर पळते. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत ही रचना होती, फोक्सवॅगन बीटलमध्येसुद्धा. जपून, चांगल्या टायरवर चालवली तर वर्षानुवर्षं काही होत नाही. पण ओल्या रस्त्यावर ती चूक माफ करत नाही.

ट्रायम्फने १९७० च्या अखेरीस आलेल्या स्पिटफायर मार्क ४ मध्ये यावर उपाय केला. आडव्या कमान-पाट्याचं एकच पान घट्ट आवळलं, बाकीची पानं मधल्या खिळीवर डुलू दिली. सोबत पुढे जाड अँटी-रोल बार दिला. हेरल्डनंतर आपल्याकडे १९७२ साली गॅझेल आली, तिच्यात तर सरळ अखंड ॲक्सल होता. मी स्पिटफायरचा तो पाटा आणि बार मागवून बसवला.

हे काम चालू असताना बाबा रोज येऊन बघायचे, पण गाडीला हात लावायचे नाहीत. कारण आम्हाला माहीत होतं. जून १९७८. बाबा वीस वर्षांचे होते. कोल्हापूरहून येताना आंबा घाट उतरत होते, शेजारी आजोबा. पहिला पाऊस. एका वळणात बाबा घाबरले, पाय उचलला, ब्रेक मारला. गाडी गर्रकन फिरली आणि डोंगराकडच्या गटारात गेली. दरीकडे गेली असती तर मी आज बोलत नसतो. आजोबांचं गळ्याजवळचं हाड मोडलं, दवाखाना दीड महिना बंद राहिला. आजोबा एवढंच म्हणाले, "तुझ्या हातात किल्ली परत देणार नाही." दिली नाही. बाबांनीही मागितली नाही. पुढे आयुष्यभर ते बाकी गाड्या चालवत आले. ही नाही.

मी पाट्याचा हिशोब बघायला वही उघडली. मे १९७८ च्या पानावर आजोबांच्या अक्षरात लिहिलं होतं, "मागचे टायर गुळगुळीत. दोन्ही बदलणे. पावसाळ्यानंतर." आणि जुलैमध्ये, "मागचे दोन टायर नवीन." मधल्या अपघाताबद्दल एक अक्षर नाही.

मी दोन दिवस ती वही लपवून ठेवली. आजोबा आमचे देवमाणूस. पण मग बाबांपुढे उघडून ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचलं, परत वाचलं. मला वाटलं चिडतील. म्हणाले, "त्यांना माहीत होतं तर." थोड्या वेळाने म्हणाले, "पण पाय मीच उचलला ना." दोन्ही खरं आहे. मला त्यात न्यायाधीश व्हायचं नाही.

मागच्या महिन्यात आम्ही आंबा घाटात गेलो. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही घ्या." नको म्हणाले. पण निघण्यापूर्वी त्यांनी स्वतः चारही टायरची हवा तपासली. घाट उतरताना त्या वळणाच्या आधी त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. "आधीच हळू हो. वळणात पाय उचलू नकोस." मी तसंच केलं. गाडी रेषेत गेली. खाली साखरप्याला आम्ही चहा प्यायलो. त्या विषयावर कुणी बोललं नाही.

तर मंडळी, आज एवढंच. तुमच्या घरात जुनी गाडी, स्कूटर, काहीही पडून असेल तर तिच्यासोबतची वही, पावत्या, कागद आधी शोधा. आणि ती चालवलेलं माणूस अजून घरात असेल तर काम सुरू करायच्या आधी त्याच्याशी बोला. मी ते उलट्या क्रमाने केलं.

आणि हो, टायर पावसाळ्याआधी बदला. भेटू पुढच्या भागात!