ओळखीचा दाता



वसंतातल्या सायंकाळी अशा विषयावर बोलावे की नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. परंतु जो प्रश्न माजघरात कुजबुजत बोलला जातो, तो एकदा मांडवात उघडपणे बोललेला बरा.

घरात मूल नाही, उणीव पुरुषात आहे, असे डॉक्टरांनी सांगितले की वडीलधारी माणसे म्हणतात, “परका दाता कशाला? धाकटा दीर आहेच. रक्त घरचेच राहील.”

हा विचार जुनाच आहे. विचित्रवीर्य निपुत्रिक वारला तेव्हा सत्यवतीने व्यासांना बोलावले आणि सुनांना कसेबसे राजी केले. अंबिकेने डोळे मिटले, अंबालिका पांढरीफटक पडली. वंश चालला खरा. पण अशा राजी होण्याला आम्ही संमती म्हणत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २००५ च्या मार्गदर्शक सूचनांत नातलगाचे किंवा परिचिताचे वीर्य वापरू नये, असे सांगितले. पुढे २०२१ च्या कायद्याने दात्याची निवड व रोगांची तपासणी नोंदलेल्या पेढीकडे सोपवली. दाता २१ ते ५५ वर्षांचा हवा. त्याचे वीर्य एकाहून अधिक जोडप्यांना देता येत नाही. मुलावर त्याचा हक्क उरत नाही. मूल कायद्याने त्या जोडप्याचेच.

ही मनाई आम्हांला शहाणपणाची वाटते. दीर रोज पंक्तीला बसणार. मुलाच्या तोंडावळ्यावरून पाहुणे थट्टा करणार. उद्या जमिनीची वाटणी निघाली, की भाऊबंदकीत हेच गुपित हत्यार होणार. आणि घाव बसणार तो त्या मुलाला नि त्याच्या आईला.

तथापि, दाता अनोळखी ठेवला म्हणजे सारे संपले, असेही नाही. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला शेतकरी गाईला कृत्रिम रेतन करताना वळू कोणता, हे विचारून घेतो. मग माणसाच्या मुलाने आपले मूळ विचारले, तर त्याचे काय चुकले? स्वीडनने १९८४ च्या कायद्याने, ब्रिटनने २००५ मध्ये केलेल्या बदलाने, वयात आलेल्या अशा मुलाला दात्याची ओळख मागण्याची वाट मोकळी केली. आपल्याकडे ती अजून नाही.

पण दात्याचे नाव सांगता आले नाही, तरी खरे सांगता येते. आपण दत्तक घेत आलो ते चारचौघांदेखत. जन्मदाते कोण हे गावाला ठाऊक असे. म्हणून दत्तकाचे घर परके झाले नाही. मग येथेच एवढा अंधार का?

आमचे सांगणे एवढेच: आधी सुनेला विचारा, आणि तिचे ‘नाही’ ऐकण्याची तयारी ठेवा. मूल झाल्यावर, त्याला समजू लागताच, ही गोष्ट आईबापांनीच मायेने सांगावी. ती भांडणात, दुसऱ्याच्या तोंडून त्याच्या कानी पडू नये.