पाटकरी जागा आहे का?

ऑफिसात ब्रॉडबँड आहे, जोडीला मोबाइलचा डोंगलही आहे. दोन्हींचे पैसे आपण भरतो. तरी मोठी फाइल पाठवताना ब्रॉडबँड गेलं की ती अर्ध्यावर तुटते. कारण साधं टीसीपी जोडणीला एकाच पत्त्याशी बांधतं. पत्ता गेला की जोडणी गेली. मल्टीपाथ टीसीपी एकच जोडणी अनेक वाटांनी चालवतं. आयफोनवर सिरीसाठी ते २०१३ पासून आहे, लिनक्सच्या कर्नलमध्ये २०२० साली, ५.६ आवृत्तीपासून आलं.

पण आज मला बोलायचंय ते पाटकऱ्याबद्दल. शेताला कालवा आहे, विहीर आहे; पण कुठलं दार कधी उघडायचं, हे बघणारा कुणी हवा ना? तोच पाटकरी. लिनक्सवर हे काम एमपीटीसीपीडी नावाची पार्श्वभूमीत चालणारी सेवा करते. नवा पत्ता आला, जुना गेला, यावर ती लक्ष ठेवते आणि कर्नलला सांगते. पाणी वाहून नेतं ते कर्नलच. पाटकरी फक्त दारं धरतो. विहिरीच्या पाण्याला विजेचं बिल येतं, तसं मोबाइल डेटाचंही. म्हणून त्या वाटेवर ‘बॅकअप’ची खूण करा, कालवा आटला तरच ती वापरात येईल.

आता माझं खरं सांगणं. समोरच्या सर्व्हरला मल्टीपाथ येत नसेल, तर जोडणी गुपचूप साध्या टीसीपीवर उतरते. तुमच्या प्रोग्रामनं मल्टीपाथ मागितलंच नसेल, तरीही तेच. कसलीही तक्रार येत नाही! कालवा वाहतोय तोवर विहिरीचं दार बुजलंय हे कुणाच्या लक्षात येतं? पीक माना टाकतं तेव्हा कळतं. म्हणून पुन्हा सांगतो, सगळं सुरळीत दिसतंय याचा अर्थ दुसरी वाट उघडी आहे असा नाही.

बाबांनो, सेवा बसवून विसरू नका. मशीन बंद करून चालू केल्यावर ती आपोआप उठते का, ते बघा. मल्टीपाथ न मागणारा जुना प्रोग्राम ‘एमपीटीसीपीआइझ’ या साधनाच्या मदतीनं चालवा. मग फाइल जात असताना ब्रॉडबँडची वायर स्वतःच्या हातानं काढा. फाइल पुढे सरकली तर पाटकरी जागा आहे.

सर्व्हरच्या बाजूनं पत्ते कसे जाहीर करायचे, तेही सांगायचं होतं, पण वेळ संपली. निदान ती वायर आजच काढून बघा.