जुन्या संगणकात कार्ड बसवताना

मी फौजेत ईएमईत होतो. रणगाड्यापासून रेडिओपर्यंत जे बिघडेल ते दुरुस्त करणारी ही शाखा. निवृत्त होऊन बडोद्याला आलो, तरी हातातला स्क्रू ड्रायव्हर काही सुटला नाही.

माझ्या पुतण्याचा मकरपुऱ्यात हीट ट्रीटमेंटचा छोटा कारखाना आहे. भट्टीच्या तापमानाची नोंद एक जुना पेंटियम संगणक ठेवतो. त्यातलं डेटा अ‍ॅक्विझिशन कार्ड गेलं. "काका, सगळंच भंगारात काढू का?" म्हणाला. पण त्याचा प्रोग्राम डॉसवर चालतो, कार्डाशी थेट बोलतो. कार्ड लागतं आयएसए स्लॉटमध्ये, आणि तो स्लॉट आजच्या साध्या मदरबोर्डवर सापडत नाही. म्हणून त्याच मॉडेलचं वापरलेलं कार्ड शोधून आणलं.

आधी हार्ड डिस्कची पूर्ण नक्कल घेतली. हे काम कधी टाळू नका. जुनी डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही. बायोसच्या सेटिंग कागदावर उतरवल्या आणि बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदलला. तो संपला की वीज गेल्यावर संगणक सगळं विसरतो. मग प्लग काढून, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली.

या कार्डांना प्लग अँड प्ले माहीत नाही. पत्ता आपणच द्यायचा, छोट्या डिप स्विचनी. आमचा हेक्साडेसिमल ३००. गंमत अशी की बऱ्याच कार्डांवर स्विच 'ऑन' म्हणजे शून्य! इंटरप्टचा जंपर ५ वर होता. बायोसमध्ये तो आयएसएसाठी राखून ठेवला, नाहीतर एखादं पीसीआय कार्ड तो बळकावतं. कार्ड दोन्ही टोकांना सारखा दाब देऊन बसवलं, स्क्रू आवळला.

चालू केलं. भट्टी थंड होती. पडद्यावर ३२ अंश, भिंतीवरच्या तापमापकावरही ३२. पुतण्यानं चहा मागवला, मी छाती फुगवून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "काका, भट्टी लाल झालीय आणि पडदा ४० म्हणतोय."

चूक माझीच होती. जुनं कार्ड शेजारी ठेवून मी पत्त्याचे स्विच जुळवले, पण दुसऱ्या टोकाचा गेनचा जंपर पाहिलाच नाही. आधीच्या मालकानं तो १ वर ठेवला होता, आम्हाला हवा होता १००. के प्रकारचं थर्मोकपल अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतं. आमचं कार्ड १२ बिटचं, उणे ५ ते अधिक ५ व्होल्ट, म्हणजे १० व्होल्टचे ४०९६ भाग. एक पायरी २.४४ मिलिव्होल्टची. शंभरपट वाढवल्याशिवाय एका पायरीत ६० अंश गडप होतात! वर प्रोग्राम १०० नं भागणार. म्हणून ८५० अंशांची भट्टी खोलीपेक्षा जेमतेम ८ अंश गरम दिसली. आणि थंड भट्टीत थर्मोकपलकडून येतं जवळजवळ शून्य. शून्याला १ नं गुणा की १०० नं, उत्तर तेच. माझी चाचणी चाचणीच नव्हती.

भट्टीचं नियंत्रण वेगळं होतं, म्हणून माल वाचला. पण त्या घाण्याचा आलेख गिऱ्हाइकाला द्यायचा होता, तो नव्हता. पुतण्यानं खरं ते सांगितलं, गिअरची हार्डनेस पुन्हा तपासून दिली. दोन दिवस त्याची झोप उडाली होती. माझ्यावर मात्र चिडला नाही. तेच जास्त लागलं.

आता मी दीड व्होल्टचा सेल घेतो. ३.९ किलोओहम आणि १०० ओहमचे रोधक ओळीनं जोडले की १०० वाल्यावर सुमारे ३७.५ मिलिव्होल्ट मिळतात. मल्टिमीटरनं खात्री करून थर्मोकपलच्या जागी जोडायचे. पडद्यावर ९३० च्या आसपास आकडा यायला हवा: ९०० सेलचे, बाकीचे खोलीचे. जंपर १०० वर नेल्यावर ९३४ आला.

सगळ्या स्विच-जंपरचं चित्र काढून, तारीख घालून, कॅबिनेटच्या झाकणाच्या आतून चिकटवलंय. गेनच्या जंपरभोवती पुतण्यानं लाल पेनानं गोल केलाय.