शिक्षकाची विद्यार्थिदशा
(हीरक महोत्सवी समारंभातील व्याख्यान)



साठ वर्षे हा शाळेच्या आयुष्यातील मोठा काळ. आजोबांनी ज्या वर्गात मुळाक्षरे गिरवली, त्याच वर्गात आज नातू बसतो. विद्यार्थी एका इयत्तेत एकच वर्ष राहतो. शिक्षक मात्र त्याच इयत्तेपुढे वीस-वीस, तीस-तीस वर्षे उभा असतो. तोच भागाकार, तेच विभक्तिप्रत्यय, त्याच नद्यांची नावे. या पुनरावृत्तीत शिक्षकाचे मन ताजे कसे राहावे, हा प्रश्न गौरवसोहळ्यात सहसा विचारला जात नाही. शाळेची पुढील वाटचाल मात्र इमारतीपेक्षा या प्रश्नाच्या उत्तरावर अधिक अवलंबून आहे.

हे उत्तर स्वतःच्या आयुष्यात शोधणाऱ्या तीन शिक्षकांचे स्मरण आजच्या प्रसंगी उचित ठरेल. गिजुभाई बधेका, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे कार्य गुजराती आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या अंगणात वाढले. महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेला म्हणूनच ते विशेष जवळचे वाटावे.

गिजुभाई व्यवसायाने वकील. १९१६ साली ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षक शिक्षणाधिकाऱ्यांकडून चौथीचा एक वर्ग वर्षभराच्या प्रयोगासाठी मागून घेतो. पहिल्या दिवसाची तो कसून तयारी करतो, टिपणे काढतो आणि वर्गात जाऊन शांततेचा खेळ मांडतो. मुले असा काही गोंगाट करतात की सारा बेत कोसळतो. तो मुलांवर चिडत नाही. घरी येऊन विचार करतो आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगू लागतो. काल न आवरणारी तीच मुले आज कान टवकारून बसतात. त्याच्या टिपणवहीत सर्व काही होते. समोरची मुले तेवढी तिच्यात नव्हती. ती दिसली आणि शिक्षकाला वाट सापडली.

ताराबाई मोडक १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदापर्यंत त्या पोहोचल्या. स्थिर नोकरी, मान, अधिकार असे सारे असताना त्या भावनगरला गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. शिक्षकांना शिकवणाऱ्या प्राचार्या लहान मुलांच्या शेजारी जमिनीवर बसून पुन्हा शिकू लागल्या, आणि त्याही आपल्या मातृभाषेहून वेगळ्या भाषेत. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, त्यात या दोघांचा पुढाकार होता.

पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभले. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. बालवयात वैधव्य आलेल्या अनुताईंनी दिवसा शिकवून, रात्रशाळेत बसून मॅट्रिकची परीक्षा दिली होती. वयाच्या पस्तिशीत, बरीच वर्षे शहरातील शाळेत शिकवून झाल्यावर, त्यांनी नव्याने प्रारंभ केला. नंतर हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले.

आदिवासी पाड्यांतील मुले शाळेत येत नव्हती. पालक अडाणी आहेत, मुलांना गोडी नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. या दोघींनी प्रश्न उलटा विचारला: मुले येत नाहीत, तर शाळा का जाऊ नये? शाळा पाड्यावरच्या अंगणात गेली आणि अंगणवाडी झाली. गुरे राखणाऱ्या मुलांमागे ती कुरणात गेली आणि कुरणशाळा झाली. महागड्या साधनांची जागा बिया, शिंपले, पाने आणि खडे यांनी घेतली. पुढे १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. प्रशिक्षणवर्गातल्या फळ्यावर तो सुचला नव्हता. न आलेल्या मुलाचा शोध घेताना तो सापडला होता.

या तिघांच्या आयुष्यातून एकच गोष्ट पुनःपुन्हा दिसते. शिक्षकाला नवी प्रेरणा बहुधा अडचणीच्या जागी मिळते: जिथे पाठ फसतो, मूल ऐकत नाही, रोजची पद्धत पुरी पडत नाही तिथे. अशा वेळी जो मुलावर ठपका ठेवतो, तो थकतो. जो मुलाकडे पुन्हा नीट पाहतो, तो पुन्हा विद्यार्थी होतो.

महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेत अशा अडचणींची उणीव नाही. घटती पटसंख्या हे अनेक ठिकाणचे वास्तव आहे. मूल घरी मराठी ऐकते, रस्त्यावर वेगळी भाषा बोलते, आणि निबंधात दोन्हींची सरमिसळ करते. त्या वाक्याखाली लाल रेघ ओढता येते. तोच शब्द फळ्यावर लिहून, तो कोणत्या घरातून आला, त्याला मराठीत काय म्हणतात, आजी काय म्हणते, असा तासभराचा आनंदही घेता येतो. पहिल्या मार्गाने वही शुद्ध होते; दुसऱ्याने मूल भाषेत रमते आणि शिक्षकालाही एक नवा शब्द मिळतो.

पण असा तास घेण्यासाठी शिक्षकाला मोकळीक लागते, आणि येथे, पालकहो, आपला संबंध येतो. ‘दिवास्वप्न’मधील शिक्षकाला वर्षभराची मुभा मिळाली म्हणूनच त्याचा प्रयोग उभा राहिला. मूल घरी आल्यावर ‘आज किती पाने लिहिलीस?’ एवढेच विचारले गेले, तर शिक्षकही पानेच भरून घेईल. ‘आज काय नवे कळले?’ असे विचारले गेले, तर त्यालाही काही नवे आणावेसे वाटेल. माजी विद्यार्थ्यांनी देणगी अवश्य द्यावी. त्यासोबत वर्षातून एक दिवस वर्गात यावे, आपल्या व्यवसायाची हत्यारे मुलांच्या हाती द्यावीत, आणि आपल्या शिक्षकांचा कोणता तास आजही आठवतो, ते त्यांना सांगावे. निवृत्तीच्या दिवशी मिळणाऱ्या शालीपेक्षा चालू नोकरीत मिळालेले असे एक वाक्य शिक्षकाला अधिक काळ ऊब देते.

साठ वर्षांत या शाळेने असंख्य मुलांना शिकवले. यापुढे तिने आपल्या शिक्षकांनाही शिकत राहू द्यावे, हीच हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शुभेच्छा.