जुनी गाडी बघावी ती पत्र्यावरून



जुनी गाडी महाग पडते ती इंजिनामुळे, असं आपल्याकडे बहुतेकांना वाटतं. गाडी बघायला गेलेला माणूस आधी बोनेट उघडतो, इंजिन चालू करायला सांगतो, मागे जाऊन धूर बघतो आणि समाधान झालं की इसार देऊन मोकळा होतो. आज मला ही समजूत खोडून काढायची आहे. इंजिन दुरुस्त होतं. बोअर करून मिळतं, क्रँक घासून मिळतो, रिंगा-पिस्टन शोधले तर सापडतात. माणसाला बुडवतो तो पत्रा. आणि पत्र्याच्या बाबतीत आपला खान्देश मुंबई-कोकणापेक्षा कितीतरी सुदैवी आहे, ही गोष्ट आपल्या लोकांच्या फारशी ध्यानात आलेली नाही.

फियाटपासून सुरुवात करतो, कारण महाराष्ट्राची म्हणावी अशी गाडी तीच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. तिथे फियाट 1100 तयार होऊ लागली. तिचंच पुढचं रूप 1973 मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट आणि लगेच 1974 मध्ये प्रीमियर पद्मिनी या नावानं रस्त्यावर आलं. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. गाडी त्या काळी स्वस्त मुळीच नव्हती. पंतप्रधान असताना लालबहादूर शास्त्रींनी फियाट घेतली तेव्हा किंमत होती सुमारे 12,000 रुपये, आणि त्यातले 5,000 त्यांनी बँकेकडून कर्जाऊ घेतले होते. शास्त्रीजी गेल्यावर ते कर्ज त्यांच्या पत्नी ललिताबाईंनी पेन्शनमधून फेडलं. असा पैसा घातलेली वस्तू माणूस विकत नाही, वाड्यात उभी करून ठेवतो. खान्देशातल्या कितीतरी वाड्यांत, खळ्यांत अशी एखादी गाडी ताडपत्रीखाली उभी आहे ती त्यामुळेच.

आता या फियाटची रचना बघा. तिला वेगळी चेसी नाही. बॉडी हीच चेसी. दाराखालून पुढून मागे जाणारी जी पत्र्याची पोकळ पेटी असते, ती दिसायला सामान्य, पण गाडीचा भार तीच पेलते. तिथे पाणी साचून आतून गंज धरला की बाहेरून कितीही लखलखीत रंग असो, गाडीची कंबर गेलेली असते. अशी गाडी जॅकवर उचलली की दारं नीट लागत नाहीत. ही पेटी कापून नवी बसवायची तर आधी बॉडीला आतून आधार देऊन ती जागच्या जागी धरून ठेवावी लागते, मग कापायची, मग जोडायची. हे काम करणारा जुना डेंटर आता दुर्मीळ झाला आहे. नव्या गाडीचा दरवाजा चेपला तर दरवाजाच बदलतात, त्यामुळे हातोडी आणि ठोकळ्यावर पत्रा घडवण्याची विद्या नव्या पोरांना शिकायलाच मिळत नाही. या कारागिराची मजुरी ही जुन्या गाडीच्या खर्चातली सर्वांत मोठी रक्कम असते, आणि माझ्या मते ती त्याला घासाघीस न करता द्यावी.

इंग्लंडमध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज नावाच्या संस्थेनं 1988 पासून एमजीबी या जुन्या गाडीच्या अख्ख्या बॉड्या नव्यानं काढल्या, मूळ साचे वापरून. तिथल्या हौशी माणसाची बॉडी सडली तर तो नवी मागवतो. पद्मिनीची तशी सोय नाही. तिचं उत्पादन नव्या शतकाच्या तोंडावर थांबलं. त्यानंतरही सुटे भाग मिळत राहिले, ते तुमच्या-माझ्यासारख्या हौशी माणसांमुळे नव्हे, तर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. हजारो टॅक्स्यांना रोज काही ना काही लागायचं, म्हणून दुकानदार माल ठेवायचा, छोटे कारखाने तो बनवायचे. टॅक्सीला 20 वर्षांची वयोमर्यादा लागली, ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 अखेर बंद झाली, आणि ते रोजचं गिऱ्हाईक गेलं. आज मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजारात किंवा पुण्याच्या नाना पेठेत जे मिळतं तो बराचसा उरलेला माल आहे. मागच्या दिव्याची काच, दाराचं हँडल, पुढची जाळी अशा वस्तू आधी मिळवाव्यात आणि मग गाडी खोलावी. उलटं केलं की गाडी वर्षानुवर्षं खोललेली पडून राहते, आणि खोललेली गाडी विकायला काढली तर तिला भंगाराचा भाव येतो.

याच्या शेजारी जीप ठेवून बघा. महिंद्रांनी 1947 मध्ये मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली. तिला खाली स्वतंत्र भक्कम चेसी, वर सपाट पत्र्याची बॉडी. गोलाई अशी जवळपास नाहीच. ट्रॉली बनवणारा आपल्याकडचा वेल्डर तिचा मडगार्ड आणि तळाचा पत्रा मन लावून बनवू शकतो. डिझेल जीपमध्ये जे एमडी 2350 इंजिन बसायचं, त्याचं मूळ इंटरनॅशनलच्या बी-275 ट्रॅक्टरमध्ये. म्हणजे ज्या गावात ट्रॅक्टरचा मिस्त्री आहे, त्या गावात या जीपचा डॉक्टर आहे. पहिल्यांदाच या नादाला लागणाऱ्यानं भडगावात राहून कोणती गाडी घ्यावी, असं मला कुणी विचारलं तर मी जीप सांगेन. मन फियाटकडे ओढ घेत असलं तरी.

आता आपल्या हवेकडे येतो. लोखंडाला गंज चढायला ओलावा लागतो, आणि हवेत मीठ असेल तर तो कैक पटीनं वेगानं चढतो. मुंबईत समुद्र आहे, चार महिने न थांबणारा पाऊस आहे. आपल्याकडे वर्षातले आठ महिने हवा कोरडी. म्हणून गिरणाकाठच्या खळ्यात उभी असलेली, रंग उडालेली, धुळीनं माखलेली फियाट ही मुंबईच्या चकचकीत फियाटपेक्षा अधिक मोलाची असू शकते. खात्री करायला एक लोहचुंबक घ्या, फडक्यात गुंडाळा आणि दाराच्या खालच्या कडेवरून, चाकांच्या कमानीवरून, डिकीत स्टेपनीच्या खाली फिरवा. पत्रा असेल तिथे तो धरतो. जिथे निसटतो तिथे रंगाखाली लांबी भरलेली आहे. बॅटरीखालची जागा मात्र हवा कोरडी असो की दमट, कुठेही सडते, कारण तिथे तेजाब सांडतं.

पण कोरड्या उन्हाची किंमत दुसरीकडे चुकवावी लागते. मे महिन्यात आपल्याकडे 45 अंशांच्या आसपास तापतं. त्यात काचेभोवतीचं रबर, दारांचे बीडिंग, पंख्याचा पट्टा, ब्रेकच्या आतले वॉशर आणि होज, सगळं तडकतं. वायरिंगवरचं आवरण कडक होऊन सोलतं, उरलंसुरलं उंदीर खातात, कारण कापूस आणि धान्य असलेल्या खळ्यात गाडी म्हणजे त्यांचं घर. जुन्या वायरिंगला तुकडे जोडत बसू नये. आगीची सुरुवात तिथूनच होते. अख्खं वायरिंग नवं करावं, आणि त्याच्याही आधी ब्रेक. रंगाचं काम सगळ्यात शेवटी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, लग्नसराई तोंडावर आली म्हणून आधी रंग मारला जातो आणि नवरदेव जुन्या ब्रेकवर वरातीला निघतो. हे मला मनापासून भीतीदायक वाटतं.

पेट्रोलचंही बघावं लागेल. जुन्या गाड्यांचा तेलपंप इंजिनाला चिकटून असतो. औट्रम घाट चढताना तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी मध्येच उभी राहते. पंपावर ओलं फडकं टाकून थांबायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय आजही लागू आहे. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं. इथेनॉल जुनं रबर मऊ करतं, हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर टाकी आतून गंजते. हे इथेनॉल मक्यापासूनही बनतं आणि आपल्या तालुक्यातल्या मक्याला त्यामुळे भाव मिळतो, तर त्याबद्दल माझी तक्रार नाही. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालाव्यात, कार्बोरेटरचं किट बदलावं, आणि गाडी फार काळ उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करावी. हा सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा भाग.

कायद्याच्या खर्चाचा बाऊ फार होतो, म्हणून आकडे सांगतो. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, नंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेनं 20 वर्षांपेक्षा जुन्या मोटारीचं हे शुल्क 10,000 रुपये झालं. 1000 ते 1500 सीसीच्या गाडीचा त्रयस्थ विमा, 2022 मध्ये ठरलेल्या दरानं, वर्षाला 3,416 रुपये, म्हणजे 5 वर्षांचे 17,080. दोन्ही मिळून 27,080. पर्यावरण कर आणि जीएसटी वेगळा. दिवसाला पंधरा रुपयेसुद्धा पडत नाहीत. गाडीच्या एका बाजूच्या पत्रेकामापुढे ही रक्कम किरकोळ आहे.

पन्नाशी ओलांडलेल्या गाडीसाठी 2021 पासून दुसरी वाट आहे, व्हिंटेज नोंदणीची. शुल्क 20,000, मुदत 10 वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला 5,000. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. विम्यातही सूट आहे. सुरुवातीच्या पद्मिनी आता या वयाला पोचल्या आहेत. पण ही गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायलाच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. शिवाय चेसी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असावं लागतं. आपल्याकडे पूर्वी डिझेल स्वस्त म्हणून कित्येकांनी जुन्या गाड्यांत डिझेल इंजिनं बसवली. अशा गाडीला ही वाट बंद. इंजिन बदलाची नोंद आरसी बुकात नसेल तर साधं पासिंगसुद्धा अडतं. म्हणून गाडी घेताना चेसी नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी स्वतः ताडून बघा, दलालाच्या शब्दावर जाऊ नका.

कागदांचा विषय निघालाच आहे तर एक काम तातडीनं करण्यासारखं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या अजून आजोबांच्या नावावर आहेत आणि आजोबा जाऊन वर्षं झाली. मालक वारल्यावर वारसानं फॉर्म 31 भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते, त्याला मुदत असते. नोंदणी संपली असेल तर उशिराबद्दल मोटारीला महिन्याला 500 रुपये चढतात, म्हणजे वर्षाला 6,000. आणि भाऊबंदांत वारसाची सही कुणाची यावर एकमत नसेल तर चांगल्यातली चांगली गाडी जागेवर सडते. सगळे भाऊ हयात आहेत, बोलते आहेत, तोवरच सह्या घेऊन टाका. ज्यांच्या घरी अशी गाडी उभी आहे त्यांनी प्रश्नोत्तरांनंतर थांबावं. आरसी बुकाचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर आपण तो एकत्र बसून बघू.