लॅपटॉपबरोबर तबकडी का येत नाही?



शाळेत किंवा घरी नवा लॅपटॉप आला, की खोके उघडण्याचा एक छोटासा समारंभच होतो. यंत्र निघते, चार्जर निघतो, वॉरंटीचा कागद निघतो. मग एखादा जुना जाणकार खोके उलटे करून झटकतो आणि विचारतो, "सीडी कुठे आहे हो याची?" सीडी नसते. दुकानदाराला फोन केला, तर तो सांगतो, "आता सीडी येत नाही, सर. सगळं आतच आहे." दुकानदार काही खोटे बोलत नाही. पण त्याचे ते "आतच आहे" हे दोन शब्द आपण नीट समजून घेतले पाहिजेत.

लॅपटॉप म्हणजे नुसता लोखंड-प्लॅस्टिकचा सांगाडा. त्याला चालते करते ती ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राची मूळ कार्यप्रणाली. आपल्याकडे बहुतेकांना ती विंडोज या नावाने ठाऊक आहे. कळफलकावर 'क' दाबला तर पडद्यावर 'क' उमटवायचा, ही साधी गोष्टसुद्धा तिच्यावाचून होत नाही. ही प्रणाली बिघडते. वीज अवेळी जाते, विषाणू शिरतो, कोणी नको ते पुसून टाकतो. तसे झाले की ती पुन्हा नव्याने बसवावी लागते. त्यासाठी पूर्वी तबकडी मिळत असे. १९९५ साली विंडोज ९५ आले, ते सीडीवर मिळे, नाही तर १३ फ्लॉप्यांवर. तेरा फ्लॉप्या एकामागून एक घालायच्या, आणि बारावी खराब निघाली की सगळा खटाटोप फुकट! तरीसुद्धा ती वस्तू आपल्या हातात होती, कपाटात ठेवता येत होती, हे खरे.

मग ती गेली कशी? एकदम गेली नाही. आधी कंपन्या छापील तबकडी देत. पुढे त्या म्हणू लागल्या, कोरी डीव्हीडी आणा आणि यंत्रावरच तुमची तुम्ही भरून घ्या. त्यानंतर लॅपटॉप पातळ होत गेले आणि तबकडी घालण्याची खाचच नाहीशी झाली. अ‍ॅपल कंपनीने २००८ साली मॅकबुक एअर काढला, त्यात ती नव्हती; बाकीचे हळूहळू त्याच वाटेने गेले. तबकडीचा, तिच्या छपाईचा आणि पाकिटाचा खर्च वाचला, यात कंपनीचा फायदा झालाच. ग्राहकाचा काय झाला, तर यंत्र हलके झाले. पण तबकडी तयार करण्याचे जे काम कंपनी करीत होती ते ग्राहकाच्या गळ्यात पडले, आणि ते पडले आहे हे त्याला कोणी सांगितले नाही. माझी तक्रार एवढ्यापुरतीच आहे.

आता "आतच आहे" म्हणजे काय ते पाहू. लॅपटॉपमधील साठवणीच्या डिस्कचा एक भाग कंपनी झाकून ठेवते. तो आपल्याला एरवी दिसत नाही. प्रणाली नव्याने बसवण्यासाठी लागणारा माल त्यात भरलेला असतो. नुसती प्रणाली बिघडली असेल, तर या झाकलेल्या भागातून ती पुन्हा उभी करता येते. इंटरनेट चांगले असेल तर कंपनीच्या साठ्यातून उतरवूनही घेता येते, मात्र त्याला ४ जीबीहून अधिक डेटा लागू शकतो. पण डिस्कच मेली तर? मग प्रणालीही गेली आणि तिच्यावरचे औषधही गेले, कारण दोन्ही एकाच ठिकाणी होते. सगळे धान्य आणि पुढच्या पेरणीचे बी एकाच कणगीत ठेवावे आणि कणगीला आग लागावी, तसा हा प्रकार. नव्या प्रकारच्या डिस्का तर पुष्कळदा कुरकुर न करता, एका सकाळी एकदम बंद पडतात.

म्हणून पहिल्याच आठवड्यात, यंत्र धडधाकट असताना, बी वेगळे काढून ठेवावे. १६ जीबीची एक पेनड्राइव्ह घ्या. ३२ जीबीची घेतलीत तर अधिक बरे. तीत काही महत्त्वाचे असेल तर आधी दुसरीकडे हलवा, कारण ती पूर्ण पुसली जाते. विंडोजच्या शोधपट्टीत 'रिकव्हरी ड्राइव्ह' असे इंग्रजीत टाइप करा. जो कार्यक्रम उघडेल त्यात सिस्टिमच्या फायलींची प्रत घेण्याचा चौकोन असतो, त्यावर खूण असू द्या आणि चालू करा. तास-दीड तास लागू शकेल. चार्जर लावून ठेवा आणि आपल्या कामाला लागा. पुढे कधी यंत्र उठेनासे झाले, तर ही पेनड्राइव्ह लावून ते सुरू करायचे. सुरू होताना कंपनीपरत्वे एफ १२, एफ ९ किंवा एस्केप अशी एखादी कळ दाबावी लागते. ती कोणती, हे आजच पाहून पेनड्राइव्हला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहून ठेवा. एक मात्र ध्यानात असू द्या. या पेनड्राइव्हमध्ये तुमचे निकालपत्रक नाही, मुलांचे फोटो नाहीत, शेताच्या कागदांची चित्रे नाहीत. त्यांची प्रत निराळी काढायची.

ही पेनड्राइव्ह करायची राहून गेली म्हणून हातपाय गाळण्याचे कारण नाही. दुसऱ्या चालू संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून 'मीडिया क्रिएशन टूल' नावाचे साधन फुकट उतरवता येते, आणि ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज भरता येते. परवान्याचा क्रमांक? २०१२ साली विंडोज ८ आले, तेव्हापासून नामांकित कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये तो मुख्य पाटीतच कोरलेला असतो. त्याआधी यंत्राच्या पोटाखाली चिकटवलेला कागद असे आणि तो झिजून वाचेनासा होई. ही एक सुधारणा खरीच म्हणायची. फक्त या मार्गाने विंडोज बसवल्यावर कधी वाय-फायच चालत नाही, कारण त्या भागाचा ड्रायव्हर त्यात नसतो. तो यंत्राच्या कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक घालून मिळतो. तेव्हा मॉडेल क्रमांकही चिठ्ठीवर हवा.

तबकडी गेल्यावर तिची जागा आणखी एका गोष्टीने घेतली आहे, ती म्हणजे खाते. शिक्षक बंधुभगिनींनी इकडे विशेष लक्ष द्यावे. विंडोज ११ प्रथम सुरू करताना मायक्रोसॉफ्टचे खाते मागते. लॅपटॉपबरोबर ऑफिस घेतले असेल, तर तेही त्या खात्यालाच कायमचे जोडले जाते. आता होते काय, की दुकानातला मुलगा उत्साहाने म्हणतो, "द्या, मी चालू करून देतो," आणि स्वतःच्या मोबाइल नंबरवर खाते उघडून मोकळा होतो. पैसे शाळेचे, आणि ऑफिस त्या मुलाच्या खात्यावर! किंवा गुरुजी आपल्या स्वतःच्या खात्यावर सगळे चालू करतात आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली होते. शिवाय अनेक नव्या यंत्रांत डिस्कवरचा मजकूर आपोआप कुलूपबंद होतो, आणि त्या कुलपाची ४८ अंकी किल्ली त्याच खात्यात जाऊन बसते. पुढे दुरुस्तीत एखादा भाग बदलला की यंत्र ती किल्ली मागते. ती नसेल तर विंडोज नव्याने बसवता येईल, पण आतले कागद परत मिळणार नाहीत. तज्ज्ञ आणला तरी तो काही करू शकत नाही.

यासाठी शाळेच्या नावाने ई-मेल काढावा, त्यावर हे खाते उघडावे, ४८ अंक कागदावर उतरवून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावेत. जडवस्तू संग्रह नोंदवहीत आपण लॅपटॉपची नोंद करतो. तिथेच पेनड्राइव्हची आणि खात्याच्या पत्त्याचीही नोंद करावी. चार्ज देताघेताना खुर्च्या-टेबलांबरोबर त्याही विचारल्या जातील.

विंडोज नव्याने बसल्यावर आणखी एक धक्का बसतो. जुन्या प्रश्नपत्रिका उघडाव्यात, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते. ती कृतिदेव, शिवाजी किंवा श्रीलिपीच्या जुन्या टंकात लिहिलेली असते, आणि तो टंक जुन्या विंडोजबरोबर गेलेला असतो. त्या टंकांच्या तबकड्या कपाटात असतील, पण नव्या लॅपटॉपला तबकडी घालणार कुठे? तर यूएसबीला जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह बाजारात वेगळा मिळतो. तालुक्याच्या गावी एखाद्याकडून दिवसभरासाठी मागून आणा आणि तबकड्यांतला माल पेनड्राइव्हवर काढून ठेवा. हे करणे कायद्याला धरून आहे का, अशी शंका कोणाला येईल. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात, संगणकीय कार्यक्रमाची प्रत ज्याच्याकडे रीतसर आहे त्याला, ती नष्ट होण्यापासून बचाव म्हणून राखीव प्रत काढण्याची मुभा दिलेली आहे. नवे लिखाण मात्र युनिकोडमध्येच करावे. ते कोणत्याही यंत्रावर वाचता येते.

आता राहिले ते लॅपटॉप, ज्यांत विंडोज नसतेच. बाजारात त्यांना 'डॉसवाला' किंवा 'विदाऊट विंडोज' म्हणतात. शेजारच्या तशाच यंत्राहून त्याची किंमत कमी दिसते आणि माणूस खूश होतो. ही सूट नव्हे. त्यातून एक वस्तू काढून घेतली आहे. या यंत्रांत पुष्कळदा फ्रीडॉस असते. जिम हॉल नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने १९९४ साली सुरू केलेला हा चांगला उपक्रम आहे, पण त्यावर तुमचे आजचे काम होणार नाही. मग दुकानदार म्हणतो, "काळजी करू नका, विंडोज मारून देतो." हे फुकटचे विंडोज चोरीचे असते. ते चालावे म्हणून जो 'क्रॅक' घालतात, त्यासाठी विषाणू-संरक्षण बंद करावे लागते, आणि मग त्याबरोबर आत काय आले हे कोणाला कळणार? त्याच यंत्रावरून आपण बँकेचा पासवर्ड टाकतो. आणि कायदा म्हणाल, तर बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरण्याबद्दल कलम ६३ ब खाली किमान सात दिवसांची कैद आणि ५०,००० ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद न देता केवळ दंडावर सोडू शकते, इतकेच.

बिनविंडोजचा लॅपटॉप घ्यायचाच असेल, तर त्यावर लिनक्स बसवावे. फिनलंडच्या लिनस टॉर्वाल्ड्सने १९९१ साली याची सुरुवात केली. त्याला परवान्याचे पैसे पडत नाहीत आणि त्याच्या प्रती काढून वाटणे कायदेशीर आहे. केरळच्या सरकारी शाळांतले संगणक यावरच चालतात. चेन्नईच्या सी-डॅकने भारतीय भाषांसाठी 'बॉस' या नावाने त्याचा एक अवतार तयार केला आहे. लिनक्सची बरीच रूपे, डिस्कला हात न लावता, नुसत्या पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतात. तुमच्या कार्यालयीन कामाला लागणारे एखादे सॉफ्टवेअर, छपाईयंत्र, मराठी कळफलक, हे सारे त्यावर चालते की नाही, ते असे आधी पाहावे आणि मगच ठरवावे.

दुकानात पैसे मोजण्यापूर्वी बिल वाचा. त्यावर नुसते 'लॅपटॉप १ नग' असे असेल तर ते परत द्या, आणि मॉडेल क्रमांक, विंडोज असेल तर होम की प्रो, आणि ऑफिस असेल तर त्याचे पूर्ण नाव लिहून मागा. खाते उघडायची वेळ आली, की यंत्र आपल्याकडे वळवून घ्या आणि ई-मेलचा पत्ता आपल्या हाताने टाइप करा.