पुरवठादार निवडा, पण करार वाचून



अमेरिकेतील टेक्सास राज्यात बहुतेक घरांना वीज विकणारी कंपनी निवडता येते. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात तिथे घाऊक दर युनिटमागे ९ डॉलरवर गेला. घाऊक दराशी बांधलेली योजना घेतलेल्या कुटुंबांना काही दिवसांतच हजारो डॉलरची बिले आली. त्याच वर्षी राज्याने घरगुती ग्राहकांसाठी अशा योजनांवर बंदी घातली.

आपल्याकडेही २०२२ साली लोकसभेत मांडलेल्या वीज दुरुस्ती विधेयकात एकाच भागात अनेक वितरण कंपन्यांची तरतूद होती. उद्या असे पर्याय दारी आले तर स्वस्ताईला भुलू नका. दर किती काळ स्थिर राहील, करार सोडल्यास दंड किती, हे लेखी घ्या.

आजचे हक्कही ओळखा. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. बिलावर वाद असेल तर निषेध नोंदवून मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम भरा. जोडणी शाबूत राहते. पुढे तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे.

बिल हिंदीत असो, कन्नडात असो वा गुजरातीत, ते वाचा आणि जपून ठेवा. दाद मागताना तोच आपला पुरावा.